समुद्र घरीं आणण्यापूर्वीं

यंदाच्या अंकासाठीं एखाद्या माजी विद्यार्थ्यानें चार ओळी लिहून द्याव्यात, असा संपादकमंडळाचा निरोप माझ्या मुलीनें घरीं आणला, तेव्हां मला प्रथम संकोचच वाटला. मी लेखक नव्हे. चिंचवडच्या एका कारखान्यांत तयार होणाऱ्या सुट्या भागांचीं मापें तपासणें हा माझा व्यवसाय. शब्दांचीं मापें घेण्याचा प्रसंग मला सहसा येत नाहीं. परंतु "बाबा, तुम्ही आपल्या टाकीवर लिहा," असें तिनें सुचविलें, आणि तिचा शब्द मला मोडवेना. टाकीवर लिहावयाचें म्हणजे त्या टाकीपायीं वाचलेल्या पुस्तकांवर लिहिलें पाहिजे. तीं पुस्तकें घरांत आधीं आलीं असतीं आणि मासे मागाहून, तर तीन मुके जीव वांचले असते. ही कबुली आरंभींच दिलेली बरी.

आमचें चिंचवड हें पवनेच्या कांठचें गांव. मोरया गोसावी यांच्या समाधिमंदिराजवळील घाटावर बसून नदींतल्या माशांस चुरमुरे टाकणें हा आमच्या लहानपणींचा एक मोठा आनंद होता. समुद्र मात्र सह्याद्रीच्या पलीकडे, घाट उतरून शंभरएक किलोमीटरांवर. समुद्रसपाटीपासून पांचशें मीटरांहून अधिक उंचीवर राहणाऱ्या आम्हां मुलांस तो भूगोलाच्या पुस्तकांतच भेटे. सातव्या इयत्तेंत असतांना शाळेची सहल मुंबईस गेली, आणि १९५१ सालीं मरीन ड्राइव्हवर सुरू झालेलें तारापोरवाला मत्स्यालय आम्हीं पाहिलें. अंधाऱ्या दालनांत एकेक काच उजळलेली, आणि तिच्या आड निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे संथपणें फिरत होते. सर रांग पुढें सरकवीत होते. परंतु माझे पाय हलेनात. असा समुद्राचा एक तुकडा आपल्या घरीं असावा, ही इच्छा त्या दिवशीं मनांत रुजली आणि पुढें कित्येक वर्षें तशीच पडून राहिली.

ती जागी झाली मुलीमुळें. ती पांचवींत असतांना तिनें 'फाइंडिंग नेमो' हा २००३ सालचा चित्रपट पाहिला. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला एक लहानगा मासा हरवतो आणि त्याचा बाप त्यास शोधावयास साऱ्या समुद्रांत भटकतो, अशी ती कथा. मुलीनें त्या माशाचा हट्ट धरला, आणि खरें सांगावयाचें तर तिच्या हट्टाआडून मीं माझा हट्ट पुरवून घेतला. दिवाळीच्या बोनसांतून दोनशें लिटरांची काचेची टाकी, पंप, दिवा आणि समुद्राचें पाणी बनविण्याच्या मिठाचें पोतें, असा सरंजाम घरीं आला. दुकानदारास दोष नाहीं. मीं मागितलें तेवढें त्यानें दिलें. जें विचारावयास हवें होतें, तें मला ठाऊक नव्हतें. एका संध्याकाळीं पाणी भरलें आणि दुसऱ्या दिवशीं दोन क्लाउन मासे व एक लहानसा निळा मासा आंत सोडला.

चौथ्या दिवशीं मासे पृष्ठभागापाशीं येऊन धापा टाकूं लागले. सातव्या दिवशीं निळा मासा गेला. अकराव्या दिवशीं शेवटचा क्लाउन मासा तळाशीं आडवा पडलेला आढळला. पाणी कसें आरशासारखें नितळ होतें. मुलगी रडली नाहीं. तिनें तिन्ही मासे एकामागून एक गच्चीवरच्या जास्वंदीच्या कुंडींत पुरले होते, शेवटचा पुरून झाल्यावर ती हात धुवून माझ्यापुढें उभी राहिली आणि म्हणाली, "पाणी तर इतकें स्वच्छ आहे. मग ते कशानें मेले, बाबा?" मला उत्तर देतां आलें नाहीं. दिवसभर सहस्रांश मिलिमीटराचा फरक शोधणाऱ्या माणसास आपल्या घरच्या पाण्यांत काय बिघडलें हें सांगतां येऊं नये, याची मला फार लाज वाटली.

मग पुस्तकांचा शोध सुरू झाला. पुण्यास अप्पा बळवंत चौकांत दोन रविवार हिंडलों. गोड्या पाण्यांतील माशांवरचीं लहान पुस्तकें मिळालीं. पण खाऱ्या पाण्याची गोष्ट निराळी. अखेर अमेरिकेंत नोकरीस असलेल्या माझ्या भाच्यास लिहिलें. तो सुटींत आला तेव्हां, "मामा, कपड्यांपेक्षां तुमच्या पुस्तकांचेंच वजन जास्त झालें," असें म्हणत त्यानें कांहीं जुन्या प्रती माझ्यापुढें ठेवल्या.

त्यांत पहिलें होतें मार्टिन मो यांचें 'द मरीन ॲक्वेरियम हँडबुक'. हें १९८२ सालीं प्रथम निघालें. मो हे फ्लॉरिडांतील संशोधक. समुद्रांतल्या शोभेच्या माशांची बंदिस्त पाण्यांत पैदास करणाऱ्या आरंभींच्या लोकांत त्यांची गणना होते. या पुस्तकांत माझ्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर मला मिळालें. मासा पाण्यांत अमोनिया सोडतो. उरलेलें अन्न कुजलें म्हणजेही अमोनियाच होतो. हें विष रंगहीन आहे. तें पाण्याची नितळाई यत्किंचितही कमी करीत नाहीं. समुद्रांत व जुन्या टाकींत सूक्ष्म जंतु असतात. एका जातीचे जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, आणि दुसरे त्या नायट्राइटाचें नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र त्या मानानें पुष्कळ सौम्य. हे जंतु दगडांवर व वाळूवर वस्ती करून पुरेसे वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. मीं त्यांना एक रात्र दिली होती.

तें पान वाचून झाल्यावर मीं पुस्तक मिटलें. कारखान्यांत नवें यंत्र आलें म्हणजे पहिल्याच दिवशीं त्याच्यावर पुरें काम कोणी चढवीत नाहीं. तें समपातळींत बसवितात, रिकामें चालवून पाहतात, पहिले नग मोजून बाजूस ठेवतात. धातूच्या यंत्रास मी जेवढा अवधि देतों, तेवढा मीं जिवंत प्राण्यांस दिला नव्हता. रात्रीं जेवणानंतर मुलीस सारें समजावून सांगितलें. ती म्हणाली, "म्हणजे आपणच मारले." मीं म्हटलें, "होय, मीं मारले." त्या उत्तरानें तिचें समाधान झालें असें नाहीं; पण त्यानंतर ती माझ्याशीं पुन्हां बोलूं लागली.

टाकी विकून टाकावी असें आमच्या सौभाग्यवतींचें मत पडलें. मीं सहा महिन्यांची मुदत मागून घेतली. नळाच्या पाण्यांतील क्लोरिनही जंतूंस मारक असतो. म्हणून गाळून शुद्ध केलेलें पाणी घेतलें. त्यांत दर लिटरास सुमारें ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे सबंध टाकीस सात किलो. सुके सच्छिद्र दगड रचले, मोजून थोडा अमोनिया घातला आणि दररोज संध्याकाळीं पाण्याची परीक्षा सुरू केली. नळींतील पाण्यांत औषधाचे थेंब टाकावयाचे आणि उमटलेला रंग तक्त्याशीं ताडून पाहावयाचा, हें काम मुलीनें आपणाकडे घेतलें. शेजारीं येत आणि विचारीत, "टाकी आहे, मग मासे कोठें?" ती गंभीरपणें सांगे, "पाणी अजून पिकतें आहे." अडतिसाव्या दिवशीं अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले. मो यांचें पुस्तक घरांत आल्याचा पहिला लाभ म्हणजे ही रिकामी टाकी. जें पुस्तक आरंभींच थांबावयास लावतें, तें पुस्तक या विषयांत पहिलें वाचावें असें माझें मत झालें आहे.

या अडतीस दिवसांत रोज रात्रीं एखादें इंग्रजी पान मराठींत सांगण्याचा आम्हां बापलेकींत परिपाठ पडला. समुद्रापासून दूर राहून समुद्र सांभाळणारे आपणच पहिले वेडे नव्हेत, हें तेव्हां कळलें. लंडनच्या ॲना थिन या बाईंनीं १८४६ सालीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून कांहीं जिवंत प्रवाळ लंडनला नेलें. त्या काळीं विजेचा पंप कोठला? पाण्यांत हवा मिसळावी म्हणून त्यांची दासी उघड्या खिडकीपुढें उभी राहून रोज अर्धापाऊण तास तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत असे. पुढें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. त्याच्या उभारणींत ज्यांचा हात होता त्या फिलिप हेन्री गॉस यांनीं १८५४ सालीं 'द ॲक्वेरियम' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. तो शब्द सर्वांच्या तोंडीं बसला तो मुख्यतः त्यांच्यामुळें. साधें मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड यांपासून समुद्राचें पाणी घरीं कसें करावें, याची कृतिही त्यांनीं त्याच वर्षीं दिली. आज आम्हीं चिंचवडास पोतें फोडून जें मीठ मोजतों, त्याचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं.

पाणी पिकल्यावर मीं जो ग्रंथ हातीं घेतला, तो चार्ल्स डेलबीक व जूलियन स्प्रंग यांचा 'द रीफ ॲक्वेरियम'. त्याचे तीन भाग अनुक्रमें १९९४, १९९७ व २००५ सालीं निघाले. नुसते मासे नव्हे, तर प्रवाळ व त्याच्या आश्रयानें राहणारे जीव कसे ठेवावेत, हा त्याचा विषय. प्रवाळ म्हणजे आपण अंगठींत घालतों तो खडा नव्हे; तो लहान प्राण्यांचा समूह आहे. त्या प्राण्यांच्या शरीरांत अतिसूक्ष्म शैवाल राहतें. तें सूर्यप्रकाशांत अन्न तयार करतें व त्याचा मोठा वांटा यजमानास देतें. प्राणी पाण्यांतील कॅल्शियम घेऊन आपला चुनखडीचा सांगाडा उभारतो. हा संसार टिकण्यास पाण्याची क्षारता हजारीं ३५ च्या आसपास, उष्णता २४ ते २७ अंश, कॅल्शियम दर लिटरास ४०० ते ४५० मिलिग्रॅम, आणि हीं सर्व मापें दिवसामागून दिवस जवळजवळ तीच राहिलीं पाहिजेत. माप किती, याहूनही तें किती हलतें, याला येथें अधिक महत्त्व आहे. हा मुद्दा मला तात्काळ उमजला. कारण माझ्या धंद्याचेंही तेंच सूत्र आहे.

पुस्तकांनीं माझे आणखी दोन प्रमाद वेळेवर थांबविले. टाकींतील पाणी उन्हाळ्यांत आटे, तेव्हां मी खारें पाणीच वरून घालणार होतों. परंतु वाफ होऊन जातें तें पाणी; मीठ मागेंच राहतें. म्हणून भर घालावयाची ती गोड्या शुद्ध पाण्याची, हें कळलें. दुसरें, कारखान्यांतील संवयीनें मीं नळीस एक सुरेख पितळी तोटी बसविली होती. पितळेंत तांबें असतें, आणि तें पाण्यांत उतरलें तर प्रवाळ, कोळंबी, शंख यांसारख्या जीवांस विषासमान होतें. तोटी त्याच दिवशीं काढली व प्लॅस्टिकची बसविली. अशी एकेक ओळ पुस्तकाची सबंध किंमत वसूल करून देते.

आतां या लेखांतील मुख्य प्रसंगाकडे येतों. मुलीनें डेलबीक-स्प्रंग यांच्या ग्रंथांतील रंगीत चित्रें पाहिलीं होतीं, आणि आपल्या टाकींतही जिवंत प्रवाळ असावें असें तिच्या मनानें घेतलें होतें. माझ्याही मनांत तेंच होतें. दोन महिन्यांनीं ओळखीच्या एका गृहस्थांनीं सुचविलें कीं, किनाऱ्यावरून एक लहानसा जिवंत तुकडा आणवून देतां येईल. कोणास सांगावयाचें कारण नाहीं. मुलगी तेथेंच उभी होती. तिचे डोळे चमकले. मीं, "उद्यां सांगतों," म्हटलें. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

मीं रॉबर्ट फेनर यांचें 'द कॉन्शेन्शस मरीन ॲक्वेरिस्ट' हें १९९८ सालचें पुस्तक काढून बसलों. नांवांतच सदसद्विवेकाचा उल्लेख असलेलें हें पुस्तक प्राणी विकत घेण्यापूर्वीं तो कोठून व कसा आला हें विचारावयास शिकवितें. फिलिपिन्स व इंडोनेशियाच्या समुद्रांत शोभेचे मासे पकडण्यासाठीं खडकांच्या कपारींत सायनाइडचें पाणी फवारीत असत. त्यानें मासा गुंगतो, पण मासाही पुढें बहुधा टिकत नाहीं आणि भोंवतालचें प्रवाळही मरतें. दुसरें पुस्तक एरिक बोर्नमन यांचें 'ॲक्वेरियम कोरल्स', २००१ सालचें. प्रवाळाच्या जाति, त्यांचें संगोपन व त्यांचा निसर्गांतील जीवनक्रम यांचें त्यांत सविस्तर विवेचन आहे. तें वाचतांना माझ्या घराची मीं प्रामाणिकपणें तपासणी केली. आमच्याकडे दुरुस्तीसाठीं बहुधा गुरुवारीं वीज बंद असते. मे महिन्यांत खोलींतील टाकीचें पाणी ३१ अंशांपर्यंत चढलें होतें. वरून पंखा लावून तें कसेबसें २८ वर आणलें होतें. पाणी नेहमींच्या उन्हाळ्यापेक्षां एकदोन अंशांनीं अधिक तापून तसेंच कांहीं आठवडे राहिलें, तरी प्रवाळ आपल्या अंगांतील शैवाल बाहेर टाकतें आणि पांढरें पडतें; ही स्थिति लांबली तर मरतें. म्हणजे तो तुकडा माझ्या घरीं जगण्याचा संभव फारच थोडा होता.

तिसरा ग्रंथ कायद्याचा. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं खडक बांधणारें कठीण प्रवाळ, काळें प्रवाळ, समुद्रपंखे व समुद्रघोडे यांचा समावेश झाला. आपल्या समुद्रांतून तें काढणें, बाळगणें वा विकणें हा गुन्हा आहे. वाघाच्या शिकारीस ज्या अनुसूचीचा धाक आहे, तिचाच येथेंही. परदेशांतून येणाऱ्या प्रवाळावरही आंतरराष्ट्रीय कराराचें नियंत्रण आहे. विद्यार्थ्यांनीं कायद्याचें पुस्तक रुक्ष मानूं नये. ज्या प्राण्यास वाचा नाहीं, त्याच्या वतीनें बोलणारीं तीं पानें आहेत.

तथापि माझा निश्चय खरोखर झाला तो एका चौथ्या पुस्तकानें, आणि तें मत्स्यालयाचें पुस्तकच नव्हे. वर सांगितलेल्या गॉस यांचे चिरंजीव एडमंड गॉस यांनीं १९०७ सालीं 'फादर अँड सन' या नांवानें आपल्या बालपणाची हकीकत लिहिली. पित्याच्या पुस्तकांनीं इंग्लंडांत मत्स्यालयाचें वेड पसरलें. लोक आगगाडीनें किनाऱ्यावर जाऊं लागले आणि हातोड्या व बरण्या घेऊन खडकांतलीं डबकीं धुंडाळूं लागले. जीं डबकीं पितापुत्रांनीं जिवंत बागेप्रमाणें फुललेलीं पाहिलीं होतीं, तीं थोड्याच वर्षांत ओसाड झालीं. ज्या माणसानें समुद्रावर इतकें प्रेम केलें, त्याच्याच लेखणीनें हा नाश ओढवला. तें पुढें त्याच्याही ध्यानांत आलें आणि त्याला त्याचें फार दुःख झालें, असें मुलानें नमूद केलें आहे. हें वाचून मीं दिवा मालवला. लोभ माझा आणि हट्ट मुलीचा. पण ओसाड होणारें डबकें दोघांचेंही नव्हतें.

सकाळीं त्या गृहस्थांस नकार कळविला. मुलगी दोन दिवस अबोला धरून होती. मीं तिला उपदेश केला नाहीं. एडमंड गॉस यांच्या बालपणाची गोष्ट तेवढी सांगितली. तिसऱ्या दिवशीं तिनें आपण होऊन पाण्याची नळी हातीं घेतली आणि वहींत आंकडे लिहिले. मग आम्हीं ठरविलें कीं, टाकींत घ्यावयाचे ते बंदिस्त पाण्यांत जन्मलेले मासेच घ्यावयाचे. १९४७ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें आपल्या देशांतही क्लाउन माशांची अशी पैदास यशस्वी करून दाखविली आहे. चौकशी करून तसे दोन मासे आणले. त्यांस आतां तिसरें वर्ष चालू आहे. जोडींतील मोठा मासा ती मादी. ती नाहींशी झाली तर उरलेला नर कालांतरानें मादी होतो, हें पुस्तकांत वाचून मुलीनें चित्रपटाच्या कथेंत मोठी चूक काढली आहे.

जिवंत प्रवाळ पाहण्याचा तिचा हट्ट मात्र मीं पुरविला. गेल्या नाताळच्या सुटींत आम्हीं मालवणास गेलों. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र १९८७ सालापासून सागरी अभयारण्य आहे, आणि त्याच्या खडकांवर प्रवाळ वाढतें. आपल्याच महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर तें आहे, हें मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतें. विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरांवर खोल समुद्रांत, कान्होजी आंग्र्यांच्या नांवानें ओळखली जाणारी आंग्रिया बँक नांवाची बुडालेली प्रवाळभूमीही आहे. मालवणास नावाड्याच्या मदतीनें तोंडास नळी लावून आम्हीं पाण्यांत डोकें घातलें. पाणी कांहींसें गढूळ होतें. पुस्तकांतील चित्रांसारखी रंगांची उधळण नव्हती. तपकिरी, करड्या, घुमटासारख्या गांठी, आणि त्यांच्यामधून निर्धास्तपणें जाणारे लहान मासे. वर आल्यावर मुलीनें विचारलें, "येथलें पाणी कोण मोजतें, बाबा?"

या वेळीं मला उत्तर देतां आलें. मीं सांगितलें कीं, शास्त्रज्ञ तें मोजतात, आणि त्यांचीं मापें चांगलीं नाहींत. १९९८ सालीं जगांतील समुद्र तापून प्रवाळ ठिकठिकाणीं पांढरें पडलें. आपल्या लक्षद्वीपासही त्याची झळ बसली. २०२४ च्या एप्रिलमध्यें असें जगव्यापी संकट चौथ्यांदा आल्याचें जाहीर झालें. मे महिन्यांत आपल्या टाकीवर पंखा लावतां आला. समुद्रावर पंखा लावतां येत नाहीं. ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणास हा छंद करावासा वाटला, तर माझ्या अनुभवाचें सार थोडक्यांत सांगतों. प्रथम मो वाचा, म्हणजे धीर धरावयास शिकाल. नंतर फेनर वाचा, म्हणजे विकत घेण्यापूर्वीं विचारावयास शिकाल. मग डेलबीक-स्प्रंग व बोर्नमन वाचा; त्यांतलें बरेंचसें आपणांस करावयाचें नसलें, तरी प्रवाळ म्हणजे काय तें त्यांतून कळेल. प्रत्येक पुस्तकाच्या प्रकाशनाचें वर्ष आधीं पाहत जा. दिवे, पंप, औषधें यांविषयींची माहिती लवकर जुनी होते. अमोनियाची माहिती जुनी होत नाहीं. दोन पुस्तकांत मतभेद आढळला तर घाबरूं नका. कोणी काय मोजून पाहिलें आहे, तें शोधा.

ज्यांना टाकी ठेवावयाची नाहीं, त्यांनींही दोन पुस्तकें अवश्य पाहावीं. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालीं स्थापन झाली. तिनें १९९८ सालीं प्रसिद्ध केलेलें दीपक आपटे यांचें 'द बुक ऑफ इंडियन शेल्स' हें एक. कोंकणांत गेल्यावर शंखशिंपले खिशांत न घालतां ओळखावे कसे, तें त्यानें शिकतां येतें. दुसरें चार्ल्स डार्विन यांचें प्रवाळद्वीपांवरील १८४२ सालचें पुस्तक. समुद्रांतील ज्वालामुखीचें बेट हळूहळू खचत जातें आणि त्याच्या कडेचें प्रवाळ वर वाढत राहतें, म्हणून कंकणाकृति द्वीपें बनतात, असा त्यांचा सिद्धान्त. खरा प्रवाळखडक डोळ्यांनीं पाहण्यापूर्वींच तो त्यांना सुचला होता. त्याची खात्री पटावयास ११० वर्षें लागलीं. १९५२ सालीं पॅसिफिक महासागरांतील एनिवेटोक द्वीपावर छिद्र पाडलें, तेव्हां बाराशें मीटरांहून अधिक जाडीच्या चुनखडीखालीं ज्वालामुखीचा दगड लागला. पाणी पिकण्यास अडतीस दिवस फार झाले, असें ज्यास वाटेल, त्यानें ही गोष्ट आठवावी.

सर्वांत शेवटचें पुस्तक विकत मिळत नाहीं. तें आपलें आपण लिहावयाचें असतें. आमच्या टाकीशेजारीं शंभर पानी वही दोऱ्यानें बांधलेली आहे. तिच्यांत तारीख, उष्णता, क्षारता, नायट्रेट आणि शेरा असे रकाने मुलीनें स्वतः आंखले आहेत. शेऱ्याच्या रकान्यांत, "आज वीज चार तास नव्हती," "मोठीनें धाकट्यास हाकललें," अशा नोंदी असतात. वहीच्या पहिल्या पानावर मात्र आंकडे नाहींत. तेथें तिनें त्या तीन माशांच्या मरणाच्या तारखा लिहून ठेवल्या आहेत, आणि खालीं कारण दिलें आहे: "पाणी पिकलें नव्हतें. आम्हीं वाचलें नव्हतें."

तें पान काढून टाकावें असें मला एकदां वाटलें होतें. आतां वाटत नाहीं. पाहुणे येतात, माशांचें कौतुक करतात आणि अशी टाकी आपणही घ्यावी म्हणतात. तेव्हां ती टाकीकडे बोट दाखवीत नाहीं. ती आधीं वहीचें पहिलें पान उघडून त्यांच्यापुढें धरते, आणि मग आंतल्या खोलींत जाऊन मो यांचें पुस्तक घेऊन येते.